रॉकच्या रात्री आणि कानाचा हिशेब

गेल्या वर्षी हिवाळ्यात एक चोवीस वर्षांचा तरुण दवाखान्यात आला. तक्रार साधी वाटणारी होती. "डॉक्टर, तीन दिवस झाले, डाव्या कानात बारीक शिट्टी वाजतेय. दिवसा कामात कळत नाही, रात्री मात्र झोप लागत नाही." मुंबईला एका मोठ्या संगीत कार्यक्रमाला मित्रांबरोबर गेला होता. रेटारेटी करून पुढे घुसले आणि थेट स्पीकरच्या भिंतीसमोर अडीच तास उभे राहिले. कान तपासता तपासता मी सहज विचारले, "कार्यक्रम कसा झाला?" त्याबरोबर त्याचा चेहरा उजळला. शिट्टी विसरून तो दहा मिनिटे बोलत राहिला. मग मीही माझ्या रात्री सांगू लागलो. बाहेर पेशंट खोळंबले होते, हे आमच्या सिस्टरने दोनदा सांगितले तेव्हा कुठे आम्ही थांबलो.

वाचकहो, कानाच्या डॉक्टरने रॉक संगीताच्या आठवणी सांगाव्यात हे थोडे विचित्र वाटेल. पण कानाच्या तपासणीत आम्ही जे प्रश्न विचारतो, त्यांत हा एक प्रश्न असतोच : आजवर मोठ्या आवाजात कुठे कुठे आणि किती वेळ होतात? गिरणीत, छापखान्यात, लेथवर काम केलेला माणूस लगेच सांगतो. गाण्याच्या कार्यक्रमांचे मात्र कुणाला सुचत नाही, कारण आनंदाला कुणी 'आवाज' म्हणत नाही.

माझे लहानपण आणि शिक्षण मुलुंडला झाले. रॉक ऐकायचे तर तेव्हा धोबी तलावाला जावे लागे. तिथल्या रंगभवन या उघड्या नाट्यगृहात १९८६ पासून 'इंडिपेंडन्स रॉक' हा महोत्सव भरू लागला. मुलुंडहून लोकलने व्हीटी, तिथून चालत मेट्रो सिनेमापर्यंत. पावसाळ्याचे दिवस, अंगावर ओला शर्ट, आणि समोर 'रॉक मशीन'. हाच बँड १९९३ साली 'इंडस क्रीड' झाला. उदय बेनेगलचा आवाज आणि महेश तिनईकरची गिटार. आपल्यातल्याच आडनावांची मुले असे वाजवतात याचा तेव्हा फार अभिमान वाटे. नंतर मी पुष्कळ मोठमोठे कलावंत पाहिले, पण उत्तम रात्र कोणती असे विचारलेत तर मी अजून रंगभवनचेच नाव घेईन.

त्या रात्रीची दुसरी आठवण परतीच्या लोकलमधली आहे. शेजारचा मित्र काही सांगत होता आणि त्याचा आवाज घागरीतून यावा तसा येत होता. ओठ हलताना दिसत, शब्द कळत नसत. आम्हाला त्याची गंमत वाटली. सकाळी उठलो तेव्हा कान मोकळे झाले होते, म्हणून विषय संपला. वैद्यकशास्त्रात या बधिरपणाला तात्पुरती श्रवणघट म्हणतात. कान भरून आला म्हणून काही जमत नाही, असे आम्ही समजत होतो. वास्तविक तो कानाने दिलेला निरोप होता.

पुढे १ नोव्हेंबर १९९६ ला अंधेरीच्या शहाजी राजे क्रीडा संकुलात मायकेल जॅक्सन आला. कडवे रॉकप्रेमी त्याला रॉक म्हणणार नाहीत, पण उपनगरात एवढा मोठा कार्यक्रम आम्ही पूर्वी पाहिला नव्हता. पूर्व उपनगरातून अंधेरीला जायचे म्हणजे घाटकोपरहून साकीनाक्याच्या गर्दीतून बस. मेट्रो आली ती २०१४ साली. रंगमंचावर अग्निबाणासारखे यान उभे राहिले, त्यातून तो बाहेर आला आणि नुसता स्तब्ध उभा राहिला. मैदान ओरडत होते. तोपर्यंत मी कान-नाक-घसा शाखेचा डॉक्टर झालो होतो आणि तरीही मोठ्या शहाणपणाने दोन्ही कानांत कापसाचे बोळे घालून गेलो होतो. कोरडा कापूस जेमतेम पाच-सहा डेसिबल आवाज अडवतो. म्हणजे मुसळधार पावसात रुमाल डोक्यावर धरण्यातला प्रकार.

मग २००३ च्या एप्रिलमध्ये ब्रेबॉर्न स्टेडियमवर रोलिंग स्टोन्स, १ फेब्रुवारी २००८ ला वांद्रे-कुर्ला संकुलात आयर्न मेडन. मेडनच्या त्या जगभरच्या दौऱ्याची सुरुवातच मुंबईत झाली होती. शेवटची मोठी रात्र १५ डिसेंबर २०१९ ची, नेरूळच्या स्टेडियमवर 'यू टू'. या सगळ्या रात्री मला कालच्यासारख्या आठवतात. परवा जेवायला काय होते ते मात्र आठवत नाही.

असे का होते, याला कारण आहे. मन उचंबळून येते तेव्हा शरीरात अ‍ॅड्रिनलिनसारखी द्रव्ये सुटतात आणि मेंदूतला भावनांचा भाग, अमिग्डला, शेजारच्या आठवणींच्या भागाला जणू सांगतो की हे नीट जपून ठेव. गाणे ऐकताना अंगावर काटा येतो त्या क्षणी मेंदूत डोपामिन सुटते, हेही तपासण्यांतून दिसले आहे. शिवाय माणसाला उतारवयात सर्वांत जास्त आठवणी येतात त्या साधारण दहा ते तीस या वयातल्या. म्हणून साठीचा माणूस आपल्या विशीतल्या गाण्यांना 'खरे संगीत' म्हणतो. माझ्या रंगभवनप्रेमात याचा वाटा किती आणि गिटारीचा किती, हे मी ठरवू शकत नाही.

पण आवाज इतका मोठा का हवासा वाटतो? याचे एक उत्तर कानातच आहे. ऐकण्याच्या अवयवाला लागूनच शरीराचा तोल सांभाळणारा अवयव असतो. त्यात सॅक्यूल नावाची एक इवलीशी पिशवी आहे. इंग्लंडमधल्या टॉड आणि कोडी या संशोधकांनी २००० साली दाखवले की सुमारे ९० डेसिबलच्या वर गेलेल्या नृत्यसंगीताने ही पिशवीही जागी होते. आवाज कानाला ऐकू येतो आणि अंगाला झोका दिल्यासारखेही वाटते. ढोलताशासमोर उभे राहिल्यावर छातीत जे घुमते आणि पाय आपोआप हलतात, त्यातलाच हा भाग असावा असे मला वाटते. तेव्हा 'इतका आवाज कशाला हवा' असे तरुणांना रागावून सांगण्यात अर्थ नाही. त्यांना तो हवा असतो, आम्हालाही हवा होता.

आता दुसरी बाजू. आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखी एक नळी असते, तिला कॉक्लिया म्हणतात. तिच्यात सुमारे पंधरा हजार केसपेशी असतात. त्यांच्या टोकांवरचे सूक्ष्म केस आवाजाबरोबर हलतात आणि त्यातून मेंदूला संदेश जातो. उभ्या पिकावरून वारा जावा तसे हे केस वाकतात आणि पुन्हा उभे राहतात. वारा फार जोराचा आणि फार वेळ असेल तर पीक आडवे होते. थोडे झोपलेले पीक सकाळपर्यंत उठते, मोडलेले उठत नाही. माणसाच्या कानात केसपेशी पुन्हा उगवत नाहीत; जन्मताना मिळाल्या तेवढ्याच. उंदरांवरील प्रयोगांत २००९ साली असेही दिसले, की ऐकण्याची चाचणी पूर्ववत झाली तरी केसपेशीला मज्जातंतूशी जोडणारे काही धागे कायमचे तुटलेले असू शकतात. 'सकाळी कान मोकळे झाले' यावर आम्ही विसंबलो होतो, ते तितकेसे बरोबर नव्हते.

हिशेब असा आहे. ८५ डेसिबलचा आवाज दिवसात आठ तासांपर्यंत सोसावा, अशी कामगारांसाठीची एक जगन्मान्य मर्यादा आहे. दर तीन डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दुप्पट होते, म्हणून वेळ निम्मा करायचा. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, ९७ ला अर्धा तास आणि १०० डेसिबलला पंधरा मिनिटे. मोठ्या मैफलीत पुढच्या रांगांत १०० डेसिबल ही काही नवलाची गोष्ट नाही. दोन तास तिथे उभे राहिलात तर आठ दिवसांचा कोटा एका रात्रीत संपला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली कार्यक्रमांच्या जागांसाठी मानक काढले, त्यातही पंधरा मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या वर जाऊ नये, प्रेक्षकांना कानाचे प्लग मिळावेत आणि बसायला शांत कोपरा असावा असे सांगितले आहे.

वाजवणारे यातून सुटलेले नाहीत. 'द हू' या इंग्लिश बँडचा १९७६ सालचा लंडनमधला कार्यक्रम १२६ डेसिबलमुळे गिनीज बुकात गेला होता. त्याच बँडचे गिटारवादक पीट टाउनशेंड यांनी आपल्या कमी झालेल्या ऐकण्याबद्दल आणि कानातल्या आवाजाबद्दल नंतर उघडपणे सांगितले. गिनीजने तो विक्रम नोंदवणेही पुढे बंद केले, कानांना इजा होईल अशा स्पर्धेला उत्तेजन नको म्हणून.

माझे स्वतःचे सांगतो. काही वर्षांपूर्वी नवे श्रवणयंत्रमापक आले, तेव्हा ते तपासायला मी आधी स्वतः त्या खोलीत बसलो. आलेखात डाव्या बाजूला ४००० हर्ट्झपाशी खड्डा होता. मोठ्या आवाजाने झालेल्या बहिरेपणाची ही ठरलेली खूण. कोणत्या रात्रीने हा खड्डा पाडला ते कुणी सांगू शकणार नाही. एका कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये मी तासभर स्पीकरला पाठ टेकून बसलो होतो, तीही रात्र असेल. रातकिड्यांचा आवाज साधारण याच पट्टीत असतो. बायको म्हणते, आज रातकिडे फार ओरडतायत. मला उजवा कान खिडकीकडे करावा लागतो. गर्दीत 'स' आणि 'श' निसटतात. पेशंटने वय साठ सांगितले की आठ, सात गोळ्या राहिल्यात म्हणाला की आठ, हे मी आता कागदावर लिहून दाखवायला सांगतो. ऐकू येते, पण समजत नाही, अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांना मी पूर्वी जरा घाईने समजावत असे. आता तसे होत नाही.

हे सगळे मुंबईच्या तरुणांसाठी आहे, आमचा काय संबंध, असे कुणी म्हणेल. आपल्याकडे विसर्जनाच्या मिरवणुकीतला डीजे, वरातीतली स्पीकरची गाडी आणि बंद मंगल कार्यालयातला ऑर्केस्ट्रा यांना कानाच्या दृष्टीने रॉकचाच दर्जा आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद. रंगभवनसुद्धा इस्पितळे आणि शाळा-कॉलेजांच्या शेजारामुळे शांतता क्षेत्रात आले आणि तिथले रॉक थांबले. मला वाईट वाटले. पण शेजारच्या इस्पितळात झोपलेल्यांच्या बाजूने मी डॉक्टर म्हणून दुसरे काय म्हणणार?

कार्यक्रमाला जरूर जा. औषधाच्या दुकानात फोमचे प्लग थोड्या पैशांत मिळतात. स्वच्छ हाताने प्लग बारीक वळायचा, दुसरा हात डोक्यामागून नेऊन कान वर आणि मागे ओढायचा, प्लग आत सरकवून तो फुगेपर्यंत वीस-तीस सेकंद बोटाने धरायचा. नीट बसला तर पंधरा-वीस डेसिबल सहज कमी होतात. गाणे थोडे दबके वाटते हे खरे. गाण्याची चव बिघडू नये म्हणून वादक वापरतात तसे फिल्टरचे प्लगही मिळतात, ते महाग पडतात. नेरूळला मी तेच घालून गेलो होतो आणि शब्द उलट जास्त स्पष्ट कळले. स्पीकरपासून लांब उभे राहा. उघड्यावर अंतर दुप्पट केले की साधारण सहा डेसिबल कमी होतात, स्पीकरची भिंत असेल तर त्याहून थोडे कमी. तासाभराने पंधरा मिनिटे बाहेर जाऊन या. लहान मुलांना न्यायचेच असेल तर कान झाकणारे मफ घालूनच न्या. तान्ह्या बाळाला नेऊच नका.

कार्यक्रमानंतर शिट्टी वाजली तर दोन-तीन दिवस कानांना विश्रांती द्या, इअरफोन बाजूला ठेवा. लसूण घालून गरम केलेले तेल कानात ओतू नका. इजा जिथे झालेली असते तिथवर ते पोचत नाही. चोवीस तासांत आवाज थांबला नाही तर तपासून घ्या. आणि एका कानाने एकाएकी कमी ऐकू येऊ लागले, तर 'मळ असेल' म्हणत वाट पाहू नका. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे जा. अशा वेळी स्टिरॉइडची औषधे पहिल्या काही दिवसांत दिली तर उपयोगी पडण्याची शक्यता जास्त असते, दोन आठवड्यांनंतर ती बरीच कमी होते.

त्या तरुणाचा आलेख मी काढला. डावीकडे छोटा खड्डा होता. औषध दिले, विश्रांती सांगितली. दहाव्या दिवशी शिट्टी मंद झाली होती, महिन्याने फक्त शांत खोलीत जाणवत होती. खड्डा थोडा भरला, पूर्ण भरला नाही. जाताना त्याने विचारले, "पुढच्या कार्यक्रमाचं तिकीट काढलंय, जाऊ का?" मी ड्रॉवरमधली प्लगची डबी काढून त्याच्या हातावर ठेवली आणि ते कसे घालायचे, हे त्याच्याकडून दोनदा करून घेतले.

(कानात मळ असताना प्लग घालावेत का, असे दोन वाचकांनी पत्राने विचारले आहे. त्याविषयी पुढच्या आठवड्यात.)