वाळवीची तटबंदी

ऊस, गहूं व भुईमूग ह्या पिकांस वाळवी लागून किती नुकसान होतें, हें शेतकरी बंधूंस सांगावयास नको. परंतु मुंगीसारखा शत्रु पदोपदीं असतांही वाळवीची वसाहत वर्षानुवर्षें कशी टिकते, ह्याचा विचार क्वचितच केला जातो. तो केल्यास बंदोबस्ताचा मार्गही दिसूं लागतो.

वाळवीचें अंग मऊ असल्यामुळें उघड्यावर मुंगीपुढें तिचा टिकाव लागत नाहीं. म्हणून तिचें पहिलें संरक्षण म्हणजे भिंत. झाडाच्या बुंध्यावर दिसणारे मातीचे लेप हे कामकरी वाळवीनें माती व लाळ कालवून बांधलेले झांकलेले रस्तेच होत. त्यांनीं आंत ओलावा राहतो व मुंगी बाहेर राहते.

भिंतीस भगदाड पडलें कीं दुसरें संरक्षण सुरू होतें. आपल्याकडे उंच वारूळ बांधणाऱ्या ओडोंटोटर्मिस वर्गाच्या वाळवींत मोठ्या डोक्याचे व विळ्यासारख्या जबड्यांचे शिपाई असतात. कांहीं शिपाई डोकें जमिनीवर आपटतात. त्या कंपानें आंत इशारा पोंचतो. कामकरी मागें हटतात, शिपाई वाट अडवितात. गवत तोडून नेणाऱ्या ट्रायनर्व्हिटर्मिस वर्गांत शिपायाचें डोकें पुढें नळीसारखें निमुळतें असतें. त्यांतून तो चिकट द्रव उडवून मुंगीस जखडून टाकतो. शिपायास स्वतः खातां येत नाहीं, कामकरी त्यास भरवितात. शिपाई तोंड देत असतां कामकरी आंतून भगदाड लिंपतात; बाहेर राहिलेला शिपाई मात्र प्राणास मुकतो.

लेप्टोजेनिस वर्गाच्या कांहीं काळ्या मुंग्या रांगा धरून वाळवीवर धाड घालतात व पुष्कळ वाळवी उचलून नेतात. तथापि खोल कोठडींतील राणी बहुधा सुरक्षित राहते, आणि तिच्या अंड्यांतून झालेली हानि भरून निघते.

ह्यावरून घ्यावयाचा बोध हाच. बुंध्यावरील लेप वरचेवर खरवडावे, म्हणजे वाळवी उघडी पडून मुंग्या व पांखरें तिचा समाचार घेतील. परंतु वारूळ वरवर फोडणें व्यर्थ होय. कामकरी तें पुन्हां लिंपून काढतात. तें खणून राणीची कोठडी गांठावी व राणीचा नाश करावा. खणतांना सापापासून सावध असावें. जेथें वारूळ वर दिसत नाहीं, तेथें शेतांत कच्चें शेणखत घालूं नये व पिकाचीं धसकटें वेचून काढावीं. तट मोडला तरी राणी राहिली, तर वसाहत राहिलीच असें समजावें.