विटांचा वाडा आणि मराठी शब्दसंपदा

घराच्या रचनेबरोबर तिची परिभाषाही घडत असते. १७३२ मध्ये वास्तुशांत झालेल्या पुण्याच्या शनिवारवाड्याच्या तटाचा पाया दगडी आहे, तर वरचे बांधकाम विटांचे. १८२८ च्या आगीत आतील लाकडी इमारती जळाल्या. तट मात्र उरला. जालना परिसरासह मराठवाड्यातील जुन्या वाड्यांतही दगडी जोते, जाड भिंती, लाकडी खांब-तुळया आणि वर पांढऱ्या मातीचे माळवद आढळते. भिंत व माळवद जाड असल्याने दुपारचे ऊन आत उशिरा पोचते.

आता शब्द पाहा. ‘वीट’ हा ‘इष्टका’पासून, ‘चौक’ हा ‘चतुष्क’पासून आणि ‘माजघर’मधील ‘माज’ हा ‘मध्य’पासून आला. ‘दरवाजा’ व ‘दिवाणखाना’ फारसीतून आले. एका उंबरठ्याआत अशा दोन परंपरा नांदतात. वाडा पडला की विटा दुसऱ्या बांधकामात जातात. ‘ढाळज’, ‘माळवद’ या शब्दांना मात्र नव्या सदनिकेत जागा नसते. म्हणून त्यांची नोंद आताच व्हायला हवी.

स्वाध्याय : गावातील ज्येष्ठांकडून वाड्याच्या दहा भागांची नावे मिळवा व त्यांचे तत्सम, तद्भव, देशी आणि परभाषीय असे वर्गीकरण करा.