चिमणीचा घोटभर पाणी आणि उष्णतेचा धडा

मे महिन्यातल्या दुपारी विजेच्या तारेवर चोच उघडी ठेवून बसलेला कावळा तुम्ही पाहिला असेल. तो ओरडत नसतो, काही खातही नसतो. मग चोच उघडी का? याचे उत्तर तुमच्या पाठ्यपुस्तकातील उष्णतेच्या धड्यात आहे. ते समजले, की अंगणात ठेवलेल्या पाण्याच्या भांड्याची खरी किंमतही कळेल.

उष्णता नेहमी अधिक तापमानाकडून कमी तापमानाकडे वाहते. वहन, अभिसरण आणि प्रारण या तिन्ही मार्गांना हा नियम लागू आहे. चिमणीच्या शरीराचे तापमान सुमारे ४१ अंश सेल्सियस असते. हिवाळ्यात हवा त्याहून खूप थंड असते, त्यामुळे शरीरातील जादा उष्णता आपोआप बाहेर जाते. पण आपल्या नागपूरचा उन्हाळा निराळा! येथे ४४-४५ अंश तापमान नवलाचे नाही. २३ मे २०१३ रोजी तर ४७.९ अंशांची नोंद झाली. अशा वेळी प्रवाह उलटतो आणि हवाच चिमणीला तापवू लागते. आता उष्णता बाहेर टाकण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे बाष्पीभवन. आपल्याला घाम येतो. पक्ष्यांना घर्मग्रंथी नसतात. म्हणून ते चोच उघडून धापा टाकतात आणि तोंडातील व श्वासमार्गातील ओलाव्याची वाफ होऊ देतात.

आता थोडे गणित करू. १ ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता शोषली जाते. हीच बाष्पीभवनाची अप्रकट उष्णता. चिमणीचे वजन २८ ग्रॅम आणि तिच्या शरीराची विशिष्ट उष्णता ०.८ धरा. तिचे तापमान १ अंशाने वाढण्यास २८ × ०.८, म्हणजे सुमारे २२ कॅलरी पुरतात. ५८० ला २२ ने भागा. उत्तर येते सुमारे २६! म्हणजे १ ग्रॅम पाणी वाफ होऊन जाताना जेवढी उष्णता घेऊन जाते, तेवढ्या उष्णतेने चिमणीचे शरीर २६ अंशांनी तापले असते. पण हे १ ग्रॅम पाणी तिच्या वजनाचा अठ्ठाविसावा भाग आहे. ५० किलो वजनाच्या मुलाच्या हिशेबाने ते पावणेदोन लिटर झाले. ते लगेच भरून निघाले नाही, तर चिमणीचे काय होईल, हे सांगायला नकोच.

मी बेसा येथे राहतो. इथली शेते गेली आणि त्यांच्या जागी घरे आली. शेतांबरोबर पाटाचे पाणी गेले, विहिरीजवळचे गुरांचे हौदही गेले. म्हणून एका उन्हाळ्यात मी गच्चीच्या कठड्यावर स्टीलच्या ताटलीत पाणी ठेवले. आठवडा झाला तरी एकही पक्षी फिरकला नाही. एके दुपारी पाण्यात बोट घातले आणि चटकन मागे घेतले! शेजारच्या आजी म्हणाल्या, "सर, पोळतं पाणी कोण पिईल? मातीचं भांडं आणा अन् कडुनिंबाखाली ठेवा." महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या मला हे आधीच सुचायला हवे होते.

मातीच्या भांड्याला सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांतून पाणी झिरपते आणि बाहेरच्या पृष्ठभागावरून त्याची वाफ होते. १ लिटर पाण्यातील केवळ १० ग्रॅम पाणी उडाले, तरी ५,८०० कॅलरी खर्च होतात, आणि उरलेले पाणी सुमारे ६ अंशांनी थंड होऊ शकते. बाहेरची उष्णता सतत आत येत असल्याने प्रत्यक्षात घट थोडी कमी भरते. हवा जितकी कोरडी, तितके बाष्पीभवन जलद. आपला कूलर मे महिन्यात गारवा देतो आणि जुलैत मात्र नुसता दमटपणा, त्याचे कारणही हेच.

भांडे ठेवताना काही गोष्टी ध्यानात घ्या. ते पसरट असावे व पाणी चार-पाच सेंटिमीटरपेक्षा खोल नसावे. मध्ये एक खडबडीत दगड ठेवा, म्हणजे लहान पक्ष्याला पाय टेकता येतील. जागा सावलीची हवी, पण मांजर दबा धरून बसेल अशा झुडपाला लागून नको. पाणी रोज बदला आणि भांडे घासून धुवा. साचलेल्या पाण्यात डास वाढतात, त्यांची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून राहतात. अस्वच्छ पाण्यातून पक्ष्यांत रोगही पसरतात. भांडे रंग किंवा चकाकी न दिलेले, शक्यतो कुंभाराकडूनच घ्या. छिद्रे राहतील अशी माती मळून भाजण्याचे कसब हा आपल्या प्रदेशाचा वारसा आहे, आणि गिऱ्हाईक असेल तरच तो टिकेल.

करून पाहा : सारख्या आकाराची दोन भांडी घ्या, एक स्टीलचे व एक मातीचे. मातीचे भांडे रात्रभर भिजवून ठेवा. सकाळी दोन्हींत मोजून सारखे पाणी घाला आणि ती एकाच सावलीत ठेवा. दुपारी १२ ते ४ दर तासाला तापमान नोंदवा. शेवटी उरलेले पाणी मोजा. कोणत्या भांड्यावर किती पक्षी आले, तेही दुरून पाहून लिहा. मातीच्या भांड्यातील पाणी अधिक घटलेले दिसेल. ते वाया गेले काय? आपल्या वहीतील आकडे पाहून तुम्हीच ठरवा.