आमेन एकदाच

आजचे वचन : १ योहान ३:१९-२०



आजचं मनन लिहायचं बरेच दिवस टाळत होते. पण मंडळीतल्या एका मुलीने परवा हळूच विचारलं, "ताई, प्रार्थना करूनच भीती वाटायला लागली तर काय करायचं?" म्हणून आज लिहिते.

आमचं घर पाचोऱ्यात, स्टेशनपासून फार लांब नाही. मुंबई-भुसावळ लाईनवर रात्रभर गाड्या धावतात. दोन वर्षांपूर्वी मी त्या सगळ्या गाड्या ऐकायचे, कारण माझी रात्रीची प्रार्थना संपतच नव्हती. क्षमा मागायचे, आमेन म्हणायचे, आणि लगेच मनात यायचं: एक शब्द अडखळला, मन दुसरीकडे गेलं, ही प्रार्थना देवाने ऐकली नसेल. मग पुन्हा पहिल्यापासून. प्रार्थनेच्या मधेच येशूबद्दल घाणेरडे विचार यायचे, मला नको असलेले. त्यांची क्षमा मागायला पुन्हा सुरुवात. आमच्याकडची पीजे, म्हणजे पाचोरा-जामनेर छोटी गाडी, २०२० मध्ये बंद पडली. ती जामनेरला जाऊन परत पाचोऱ्यालाच यायची. माझं मनही तसंच, कुठूनही निघालं तरी त्याच स्टेशनवर परत.

हळूहळू मी प्रभुभोजन घेणं सोडलं. अयोग्य रीतीने घेतलं तर दंड ओढवेल ही भीती. घरच्यांना वाटायचं पोरगी फार भक्तिमान झाली. ओळखीच्या एक काकू म्हणाल्या, "अजून विश्वास वाढव, उपास कर." मी उपास केला. भीती दुप्पट झाली.

शेवटी आई मला जळगावला मानसोपचार डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "प्रार्थना झाल्यावर शांत किती वेळ वाटतं?" मी म्हटलं, "पाच मिनिटं." ते म्हणाले, "ही भक्ती नाही बेटा, हा मंत्रचळ आहे. ओसीडी."

मंत्रचळ हा शब्द मी ऐकला होता, पण सारखे हात धुणाऱ्यांसाठी. प्रार्थनेचाही मंत्रचळ असतो हे माहीत नव्हतं. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' तुमच्यापैकी काहींनी वाचली असतील. त्यात त्या आपल्या वडिलांच्या सोवळ्याबद्दल लिहितात. बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात घ्यायची नाही, आणि त्या धुण्यापायी सगळं घर हैराण. त्यांना काय झालं होतं याचं निदान मी करणार नाही. पण ते वाचताना मला माझं घर दिसलं. हा आजार घरातली सगळ्यात पवित्र गोष्ट बघून तिचेच कपडे घालतो. सोवळ्याच्या घरात तो पाण्यातून येतो, आमच्यासारख्या ख्रिस्ती घरात प्रार्थनेतून. म्हणूनच तो ओळखू येत नाही.

आणि हे आपल्याच वाट्याला आलंय असं नाही. जॉन बन्यन, ज्यांच्या पुस्तकाचं मराठी रूप 'यात्रिकक्रमण' या नावाने १८४१ मध्ये आलं, त्यांनी १६६६ मध्ये स्वतःची साक्ष लिहिली. 'ख्रिस्ताला विकून टाक' असा विचार त्यांच्या डोक्यात दिवसरात्र घुमायचा आणि ते जिवाच्या आकांताने त्याला नाही म्हणत राहायचे. मार्टिन ल्यूथर मठात असताना तासन्‌तास पापांगीकार करायचे आणि बाहेर पडल्यावर राहिलेलं पाप आठवून परत जायचे. देवाने या दोघांना टाकून दिलं नाही.

आता आजचं वचन उघडा. योहान मान्य करतो की विश्वासणाऱ्याचं मनही त्याच्यावर आरोप ठेवतं. पण शेवटचा निकाल मनाच्या हातात नाही. तो मनाहून मोठ्या असलेल्या देवाकडे आहे, आणि त्याच्यापासून आपलं काहीच लपलेलं नाही. मला आधी या शेवटच्या गोष्टीचीच भीती वाटायची: त्याला सगळं कळतं! आता तोच माझा आधार आहे. जे विचार मला नको आहेत ते मला नको आहेत, हेही त्याला कळतं.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं, फरक पडायला काही आठवडे लागतात, मधेच सोडू नकोस. आणि एक कठीण अभ्यास दिला. विचार आला तर येऊ द्यायचा, भांडायचं नाही. प्रार्थना एकदाच करायची, आमेन एकदाच. अडखळलं तरी परत नाही. मी सारखं विचारायचे, "आई, देवाने मला क्षमा केली ना?" त्यांनी आईलाही उत्तर द्यायची मनाई केली, कारण प्रत्येक 'हो' पाच मिनिटं पुरतो आणि सवय पक्की करतो. आमच्या पाळकांनी साथ दिली. ते म्हणाले, "क्षमा वधस्तंभावर झाली, तुझ्या उच्चारावर नाही."

पहिल्या रात्री एकदाच आमेन म्हटलं आणि घाम फुटला. नरकात चालले असं वाटलं. उठले नाही. आई शेजारी बसून होती, काही बोलली नाही.

मित्रांनो, गोळी घेणं म्हणजे अविश्वास नव्हे. पौलाने तीमथ्याला पोटाच्या दुखण्यावर नुसती प्रार्थना कर असं लिहिलं नाही, उपाय सांगितला (१ तीमथ्य ५:२३). आणि मार्क ९:२४ मधला तो बाप आठवा. अर्धा विश्वास, अर्धा अविश्वास घेऊन तो येशूपुढे उभा राहिला. येशूने त्याला आधी विश्वास पूर्ण करून ये म्हणून परत पाठवलं नाही. त्याच्या मुलाला बरं केलं.

मी पूर्ण बरी झाले अशी साक्ष आज देत नाही. वाईट आठवडे अजून येतात. पण गेल्या महिन्यात मी प्रभुभोजन घेतलं. हात थरथरत होता. मनात तो विचारही आला. तरी घेतलं.

तुमच्या प्रार्थनेतून शांती गेली असेल आणि फक्त भीती उरली असेल, तर घरात एकाला तरी सांगा आणि डॉक्टरांना भेटा. जवळ कोणी नसेल तर सरकारची टेलि-मानस सेवा आहे, १४४१६ वर, चोवीस तास, मोफत. जीव नकोसा वाटत असेल तर आजच फोन करा, उद्यावर ढकलू नका.

आजची प्रार्थना : प्रभू येशू, माझं मन मला दोषी ठरवतं. तू माझ्या मनापेक्षा मोठा आहेस. ही प्रार्थना जशी आहे तशी घे. आमेन.

(आज एवढंच. परत म्हणू नका.)