पत आपली, नोंद चौघांकडे

ठाणे, कल्याण, डोंबिवली परिसरातील आपले अनेक धम्मबांधव चाळीतून स्वतःच्या घरात जावे म्हणून बँकेत कर्ज मागतात आणि ‘सिबिल कमी आहे’ एवढेच ऐकून परत फिरतात. १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिणाऱ्या बाबासाहेबांचे आपण अनुयायी. आपण असे निमूट परतू नये.

आपल्या कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या कंपन्या चार आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपीरियन व क्रिफ हाय मार्क. गुण ३०० ते ९०० या दरम्यान असतात. प्रत्येकीचे गणित निराळे, म्हणून एकाच माणसाचे चार आकडे जुळत नाहीत. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. आकड्यापेक्षा अहवाल वाचावा, असे आमचे मत आहे. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार २०१७ पासून प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा तो गुणांसह मोफत मिळतो. स्वतः मागवल्याने गुण घटत नाहीत.

आपल्याकडे भिडेखातर जामीनकीची सही सहज दिली जाते. मात्र ते बँककर्ज जामीनदाराच्याही अहवालात येते. हप्ते मित्राने थकवले तरी अडते आपले घर. ‘सेटल्ड’ हा शेराही पूर्ण फेडीचा नव्हे, तडजोडीचा असतो.

नोंद चुकीची असेल तर बँकेकडे किंवा कंपनीकडे लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत निवारण न झाल्यास पुढील प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाईची तरतूद रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये केली. त्यानंतरही दाद न लागल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते.