सर्वांत कडक व्हॉल्व्ह स्प्रिंग हवी?

प्रश्न : रॅलीसाठी तयार करत असलेल्या जिप्सीच्या १.३ लिटर इंजिनात जास्त लिफ्टचा कॅमशाफ्ट बसवला. वरच्या आरपीएमला इंजिन अडखळतं. बाजारातली सर्वांत कडक व्हॉल्व्ह स्प्रिंग टाकू का?

उत्तर : नको. गरजेपेक्षा कडक स्प्रिंग कॅमचे लोब आणि रॉकर खाते, ताकदही फुकट घालवते. सीटवर आणि व्हॉल्व्ह पूर्ण उघडल्यावर किती दाब हवा, हे कॅम बनवणारा सांगतो, तोच धरा. (आधी इग्निशन आणि पेट्रोलचा पुरवठा बघा. खापर बऱ्याचदा उगाच स्प्रिंगवर फुटतं.)

खरं काम मोजमापाचं. समजा, बसवलेल्या स्प्रिंगची उंची ३४ मिमी आणि व्हॉल्व्हची लिफ्ट ९ मिमी. पूर्ण उघडल्यावर उरले २५. स्प्रिंगचे वेढे २४ मिमीच्या आधीच एकमेकांना भिडत असतील, तर ती दुकानदाराला परत करा. किमान एक मिमी मोकळीक हवीच. रिटेनर आणि ऑइल सीलमध्येही पूर्ण लिफ्टला दीड मिमी जागा ठेवा. उंची जास्त भरली तर खाली शिम घाला. ॲल्युमिनियमच्या हेडवर स्प्रिंगखाली स्टीलची सीट हवी, नाहीतर हेड झिजतं.

कॅम बदलल्यावर पिस्टन आणि व्हॉल्व्हमधलं अंतर तपासलं नसेल, तर ते तपासेपर्यंत गाडी सुरू करू नका.