पुढाऱ्यांनी मत बदलले

आमच्या बार्शीच्या रात्रीच्या वर्गात एका आजीबाईंनी विचारले, "गुरुजी, पुढारी आज एक बोलतात, उद्या दुसरेच. मग त्यांचा भरवसा कसा धरावा?"

प्रश्न चांगला आहे. एक खरी हकीकत सांगतो. नीट वाचा.

सन १९३८ ची गोष्ट. आपला सोलापूर जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यात होता. सरकार काँग्रेसचे होते. मुंबईच्या विधानसभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पक्षाने एक ठराव आणला. सरकारने संततिनियमनाला मदत करावी, असा तो ठराव. संततिनियमन म्हणजे मुले किती नि केव्हा व्हावीत हे आपण ठरवणे. मते मोजली. बाजूने ११, विरुद्ध ५२. ठराव पडला.

पुढे स्वराज्य आले. १९५२ साली काँग्रेसच्याच केंद्र सरकारने कुटुंबनियोजनाचे काम हाती घेतले. जे नको म्हटले, तेच करू लागले.

पण गर्भपाताचा प्रश्न राहिला. १८६० च्या इंग्रजी कायद्याने तो गुन्हा होता. बाईचा जीव वाचवण्यापुरती तेवढी सूट. एरवी बाईलाही तुरुंग. मग अडलेली बाई चोरून जाई. कुणी काडी घाली, कुणी जहरी औषध देई. कित्येक जणी जिवाला मुकल्या. त्यांची लेकरे पोरकी झाली.

हे पाहून सरकारने १९६४ साली एक समिती नेमली. महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शाह तिचे अध्यक्ष होते. समितीने १९६६ साली अहवाल दिला. १९७१ साली संसदेने कायदा केला. ठरावीक कारणांसाठी डॉक्टरकडून गर्भपात करून घेणे कायदेशीर झाले.

मग काही लोक गर्भाची तपासणी करून मुलीचाच गर्भ पाडू लागले. तेव्हा पुन्हा पाऊल उचलावे लागले. अशा तपासणीविरुद्ध देशात पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला.

आता आजीबाईंना उत्तर देतो. बी वाया गेले तर औंदा आपण ते बदलतोच की! मत बदलणे हे पाप नव्हे. पण मत का बदलले, ते विचारावे. बायांचे हाल पाहून बदलले, तर भले. नुसत्या मतांसाठी बदलले, तर त्याला जाब विचारावा.

आणि एक ध्यानात धरा. पुढारी काहीही बोलो, चालतो तो कायदा. २०२१ च्या दुरुस्तीनंतर तो असा आहे:

कायद्यातील कारण असेल, तर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरते. काही अडचणीतल्या बायांना २४ आठवड्यांपर्यंत मुभा आहे. त्याला दोन डॉक्टरांचे मत लागते. बाई १८ वर्षांची झालेली असेल, तर तिची स्वतःची संमती पुरे. नवऱ्याची सही लागत नाही. तिचे नाव गुप्त ठेवावे लागते. काम सरकारी किंवा मंजूर दवाखान्यातच करावे.

तेव्हा भगिनींनो, चोरून कुठे जाऊ नका. जीव धोक्यात घालू नका. आणि बंधूंनो, घरातल्या बाईला हा पाठ वाचून दाखवा.

प्रश्न
१. १९३८ च्या ठरावाच्या बाजूने किती मते पडली?
२. पूर्वी बाया चोरून का जात?
३. नवऱ्याची सही लागते का?